अंधारात मटार सोलणारी आत्या

आमच्या मालिकेचं पहिलं नाव होतं ‘आधी जेवा, मग खून बघू’. ऐकून हसू येत असेल तर येऊ द्या, त्या काळी ते येण्यासाठीच ठेवलं होतं. तेव्हा खून ही हसतखेळत करायची गोष्ट होती. मरणारा असा निवडायचे की त्याच्या जाण्यानं गल्लीतल्या मांजराच्या दुधातही फरक पडू नये. वाटणी अडवून बसलेला काका, भाडेकरूंचं पाणी तोडणारा घरमालक, नाहीतर पाहुण्यांना दाराला कडी लावून कविता ऐकवणारा कवी. खुनीसुद्धा घरंदाज असत. एक खुनी तर पायपुसण्याला पाय पुसून मग आत शिरला आणि त्या पायपुसण्यावरूनच सापडला. पकडल्यावर म्हणाला, “चिखल झाला असता हो.” प्रेक्षकांनी त्याला माफ करून टाकलं.

मी त्या मालिकेत प्रेतं तपासणारा डॉक्टर होतो. म्हणजे नटच, पण वर्षानुवर्षं तो पांढरा कोट अंगात घातल्यावर शेजारीपाजारी खरोखरच गुडघेदुखी घेऊन यायला लागले. मीही औषध सांगायचो. दोघंतिघं बरेही झाले, त्याला माझा इलाज नाही.

मालिकेचा इन्स्पेक्टर म्हणजे बाळ्या. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेला. दर भागाच्या शेवटी तो दमून घरी यायचा. आत्या त्याला हात धुवायला पिटाळायची, ताट वाढायची आणि वाढता वाढता असं काही सहज बोलून जायची की बाळ्याचा घास हातातच राहायचा. “दोन्ही पायांनी अधू माणूस, आणि चपला झिजलेल्या कशा रे?” एवढंच. की बाळ्या उष्ट्या हातानं टोपी घालून बाहेर. सेटवरची चूल खरी होती, कांदा खरा परतला जायचा आणि त्या वासानं कॅमेरामनचा हात थरथरतो म्हणून त्याला आधी जेवायला घालावं लागे.

आत्याचं काम करणाऱ्या बाईंना सगळेच आत्याबाई म्हणत. त्यांची पोटची मुलंसुद्धा त्यांना आत्याच म्हणू लागली होती, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मीच. आणि बाळ्याचं काम करणाऱ्या नटालाही त्या बाळ्याच म्हणत, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. त्याला खरं नाव होतं, पण ते आता फक्त त्याच्या विजेच्या बिलावर उरलं आहे.

दुसऱ्या पर्वात कोणाला तरी वाटलं की नाव फार लांब आहे. ते झालं ‘मग खून बघू’. तिसऱ्या पर्वात झालं ‘खून’. चौथ्यात नावच गेलं; काळ्या पडद्यावर एक टिंब यायचं, आणि ते टिंब लाल आहे की काळं यावर शहाण्या लोकांत भांडणं लागली. एका घरात तर त्यावरून चूल वेगळी झाली.

पुढची कापाकापी करणारा दिग्दर्शक तिसऱ्या पर्वात आला. त्याला आम्ही पाठीमागे गंभीर म्हणायचो. त्याला हसताना कोणीच पाहिलं नव्हतं. दंतवैद्यानंसुद्धा नाही, तोंड उघडायला नकार दिल्यामुळे त्याची दाढ बाहेरून काढावी लागली होती. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला मनापासून वाटायचं की हसणाऱ्या माणसाला आयुष्य कळलेलंच नसतं.

आल्या आल्या त्यानं पहिलं काय केलं असेल तर जेवण बंद केलं. “जेवणानं ताण सैल होतो,” म्हणाला. चूल थंड झाली. मग बाळ्याचा कुत्रा मेला. मग बाळ्याला बायको दिली, कशासाठी तर ती नाहीशी करता यावी म्हणून. जिवलग मित्र फितूर निघाला, वरचा साहेब विकला गेला, शेजारचं गोंडस पोरगं विहिरीत सापडलं. बाळ्या आधी गुबगुबीत होता, तो वाळून खारीक झाला. त्याला दाढी वाढवायला लावली आणि पापणी लववायची नाही अशी ताकीद दिली. पहिल्या पर्वात मी प्रेताशी गप्पा मारायचो, त्याला थंडी वाजते का विचारायचो. आता मला नुसतं चादर ओढून खिडकीबाहेर बघायचं काम. खिडकीबाहेर भिंत होती.

आणि उजेड. लाइटमनला दिवे लावण्यापेक्षा झाकायचंच काम जास्त. काळी कापडं, धूर, वर आणखी एक काळं कापड. चौथ्या पर्वात आम्ही एकमेकांना वासावरून ओळखत होतो. एकदा मी चुकून टेबलाला टेकून उभ्या असलेल्या सहायक दिग्दर्शकालाच तपासलं आणि मृत ठरवलं. तो बिचारा काही बोलला नाही, कारण दृश्य चालू होतं. दोन दिवस त्याच्या घरी लोक भेटायला येत होते म्हणतात. एका प्रेक्षकानं टीव्ही बिघडला म्हणून कारागीर बोलावला. कारागिरानं टीव्ही उघडला, तपासला, लावला, थोडा वेळ बघत बसला आणि म्हणाला, “यंत्र ठीक आहे हो, पण जगात काही अर्थ नाही,” आणि मजुरी न घेता निघून गेला.

खोटं कशाला बोलू, बक्षिसं मात्र मिळत होती. ती ठेवायच्या खोलीत तेवढा दिवा असायचा.

मग पाचवं पर्व आलं. लिखाण वाचून दाखवायला गंभीरनं सगळ्यांना एका लांब टेबलाभोवती बसवलं. वाहिनीच्या बाई, ज्यांच्या हातात मालिकेचं जगणंमरणं, त्या टोकाला बसल्या होत्या. गंभीर वाचू लागला. पहिलाच भाग. आत्या पाय मोडून हॉस्पिटलात पडली आहे. बाळ्याच्या हातून मागे एक काळं कृत्य झालेलं आहे, ते तिला कळलंय. दुपारची वेळ. बाळ्या खोलीत येतो. खुर्चीवरची उशी उचलतो. आणि.

“आणि काय?” आत्याबाई म्हणाल्या.

“आणि आत्या मरते.”

“ते कळलं. केलं कोणी?”

“बाळ्यानं.”

“कोणत्या बाळ्यानं?”

गंभीरनं कागद खाली ठेवला. “तुमच्या.”

आत्याबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा आवाज चढला नाही. “हे बघा, मरायला माझी ना नाही. वय झालंय, पायऱ्या चढवत नाहीत. मला गाडीखाली घाला, गच्चीवरून ढकला, विष द्या, मी अशी मरून दाखवीन की खरीखुरी माणसं मला पोहोचवायला येतील. पण ह्याच्या हातून नाही. हा करणार नाही.”

“माणसाच्या आत काय असतं, ते कोणाला कळलंय, आत्याबाई?”

“मला कळलंय. मी वाढवलंय त्याला.”

“ते मालिकेत.”

“मग मी कुठलं बोलतेय?”

टेबलाशी कोणीतरी खोकलं. वाहिनीच्या बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “प्रेक्षकाला धक्का हवा असतो हो.”

“धक्का म्हणजे, जे होऊ शकतं पण आपल्या डोक्यात आलं नाही ते. हे होऊच शकत नाही. ह्यानं मला मारलं तर मी त्याला इतकी वर्षं जे वाढलं ते काय होतं? शेण होतं?” मग त्या बाळ्याकडे वळल्या. “तू करशील रे?”

बाळ्या टेबलाकडे बघत होता. ह्या भूमिकेनं तुझं नाव होईल, असं गंभीरनं त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, आणि कोणाला नको असतं नाव. “लिहिलंय, आत्या,” तो म्हणाला.

“बरं,” आत्याबाई म्हणाल्या. “मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. लागू या कामाला.”

सगळ्यांना वाटलं, म्हातारी वरमली. मलाही वाटलं.

आता आमच्या धंद्यातली एक गंमत सांगतो, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पडद्यावर गोष्ट ज्या क्रमानं दिसते त्या क्रमानं आम्ही ती कधीच करत नाही. ज्या जागेचं काम तिथलं सगळं एकदम उरकून घ्यायचं. आमच्या स्टुडिओत एका बाजूला बाळ्याचं घर होतं, दुसऱ्या टोकाला हॉस्पिटलची खोली. घर मोडून त्या जागी तुरुंग उभारायचा होता, म्हणून पाचव्या पर्वातली घरातली सगळी दृश्यं आधी घ्यायची ठरली. ती होती आत्या मेल्यानंतरची. बाळ्या रिकाम्या घरात बसून कुढतोय, भिंतीशी बोलतोय, असली. आत्याचा खून सगळ्यात शेवटी. आधी दुःख करायचं, मग माणूस मारायचा. आमच्याकडे ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

तर त्या घरातल्या दिवसांत आत्याबाईंना बोलावणंच नव्हतं. मेलेल्या माणसाला कोण बोलावतो?

मला मात्र एका दृश्यात बोलावलं होतं. बाळ्याचं सांत्वन करायचं, खांद्यावर हात ठेवायचा आणि मागे सरकत अंधारात विरून जायचं. अंधारात विरण्यात आम्ही सगळेच तरबेज झालो होतो. मी खांद्यावर हात ठेवला, एक पाऊल मागे, दुसरं पाऊल मागे, आणि तिसरं पाऊल कोणाच्या तरी पायावर पडलं.

“डोळे फुटलेत का रे, डॉक्टर?” कोणीतरी अगदी हळू म्हणालं.

मी तोंडातून आवाज काढला नाही, पण माझा कोट माझ्याआधी दारापर्यंत गेला असता. “आत्याबाई? तुम्ही मेलात ना?”

“हळू. चालू आहे.”

दृश्य संपलं, सगळे चहाला गेले, तेव्हा मी चाचपडत कोपऱ्यात गेलो. आत्याबाई आपल्या नेहमीच्या खुर्चीत, अंगावर शाल, मांडीवर परात, परातीत मटारच्या शेंगा. एकेक शेंग टिचकन मोडत होत्या आणि दाणे वाटीत टाकत होत्या.

“कधीपासून बसताय?”

“पहिल्या दिवसापासून.”

“आणि कोणी बघितलं नाही?”

“परवा दिग्दर्शक कागद माझ्या गुडघ्यावर ठेवून गेले. टेबल समजले. नंतर येऊन घेऊनही गेले, आभार मानले नाहीत.” टिच. “नाकानं कांदे सोलणारे पुष्कळ पाहिलेत मी. मी आपले हातानं मटार सोलते.”

“पण कशासाठी हे?”

त्यांनी शेंग खाली ठेवली. “बाळ्या डावखुरा का आहे, सांग.”

मी सांगितलं. पहिल्या पर्वात बाळ्याच्या उजव्या हाताला गळू झालं होतं, म्हणून एका भागात तो डाव्या हातानं जेवला. तेव्हापासून इन्स्पेक्टर डावखुरा. त्या नटाला मग डाव्या हातानं लिहायला, पिस्तूल धरायला, कानात काडी घालायलासुद्धा शिकावं लागलं.

“म्हणजे काय, की चित्रात एकदा आलं ते झालं. मग ब्रह्मदेवाच्या बापालाही बदलता येत नाही. मी घरात दिसले, तर मी घरात आहे. मी घरात आहे, तर ह्यानं मला मारलेलं नाही.”

“पुसतील, नाहीतर पुन्हा घेतील.”

“कुठे घेतील? घर तर आठवडा संपताच मोडतायत. तोवर तू तोंड मिटून राहशील का?”

मी वाटीतले मूठभर मटार तोंडात टाकले. साक्षीदार असाच फुटतो.

त्या आठवड्यात मी माझं काम नसतानाही जात होतो. अशी गंमत फुकटात कुठे मिळते? गंभीर कानाला हेडफोन लावून बसायचा आणि अंधारातून तो आवाज यायचा. टिच. टिच.

“हा आवाज कसला?” त्यानं ध्वनिमुद्रण करणाऱ्याला विचारलं.

“काय की. लाकूड सुकत असेल.”

“राहू दे. हाड मोडल्यासारखा आहे. काळजात चर्र होतं.” आणि त्यानं समाधानानं डोळे मिटले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथं तर कळसा मटार सोलत होता.

मग घर मोडलं. प्लायवूडच्या भिंती आडव्या केल्या, खिडक्या एकावर एक रचल्या. आत्याबाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. सुतारानं त्यांची खुर्ची उचलली तेव्हा एवढंच म्हणाल्या, “तिचा मागचा पाय डुगडुगतो, जपून.”

झालेलं काम बघायला वाहिनीच्या बाई आल्या. छोट्या खोलीत पडदा, संगणकावर चित्राचा रंग-उजेड सारखा करणारा माणूस, गंभीर, बाळ्या, मी आणि सगळ्यात मागे आत्याबाई. पहिलं दृश्य लागलं. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “सुरू झालं का?”

“संपत आलं,” गंभीर म्हणाला.

“हे बघा, मागच्या पर्वाला लोकांनी तक्रारी केल्या. पडद्यात त्यांना त्यांचीच तोंडं दिसतात. एका बाईला तर स्वतःचं तोंड आवडलं नाही म्हणून तिनं वाहिनी बदलली. जरा उजेड करा.”

गंभीरनं मान फिरवली. संगणकावरच्या माणसानं उजेड थोडा वाढवला. बाळ्याचं नाक आलं. आणखी वाढवला. टेबल आलं, भिंत आली. आणखी वाढवला. कोपऱ्यात खुर्ची आली. खुर्चीत शाल आली. शालीवर चष्मा आला.

त्या माणसानं दुसरं दृश्य लावलं. आत्या शेंगा निवडतेय. तिसरं. आत्या वाटी हलवून दाणे सारखे करतेय. चौथ्यात आत्याला डुलकी लागली होती. आणि मग ते मोठं दृश्य, ज्यासाठी गंभीरनं बाळ्याला दोन वेळ उपाशी ठेवलं होतं. बाळ्या अंधारात बोलतोय, “माझं आता ह्या जगात कोणी नाही.” कोपऱ्यातून एक हात पुढे येतो, तळहातावर मटार. बाळ्या न बघता त्यातले चार उचलतो, तोंडात टाकतो, चावतो, आणि म्हणतो, “कोणीच नाही.”

वाहिनीच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. रडत होत्या की काय, ते मी सांगणार नाही.

गंभीर बाळ्याकडे वळला. “तुला ती दिसत होती?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्हीच बसवलंय.” बाळ्याच्या तोंडावर खरंखुरं आश्चर्य होतं. “मला वाटलं, काय विचार आहे माणसाचा. हा म्हणतोय माझं कोणी नाही, आणि तिथंच आत्या. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आज पहिल्यांदा ह्यांचं दिग्दर्शन मला कळलं.”

“पुसून टाका तिला,” गंभीर संगणकावरच्या माणसाला म्हणाला.

“पुसतो की. पण मग इन्स्पेक्टरसाहेब हवेतले मटार खाताना दिसतील. आणि सगळीकडे त्या कोपऱ्याशी बोलताहेत. वेडा झालाय असं वाटेल.”

इथं मात्र गंभीर उजळला. म्हणजे त्याच्या मानानं. “वेडाच झालाय तो,” हळूहळू म्हणाला. “खून केल्यावर त्याला ती दिसते. भास. हे तर आणखी काळं झालं.” आणि त्यानं आत्याबाईंकडे वळून मान झुकवली, अगदी मनापासून. “तुमचे उपकार झाले.”

आत्याबाईंचा चेहरा पहिल्यांदा उतरलेला बघितला मी. केलं काय आणि झालं काय. त्यांनी बाळ्याकडे बघितलं. बाळ्या बुटाची नाडी बघत होता.

“माझी एक अट,” वाहिनीच्या बाई म्हणाल्या. “हा भास आहे हे लोकांना कळायला ती खरंच मेली हे आधी नीट दिसायला हवं. खुनाचं दृश्य मला लख्ख उजेडात हवंय. शंका नको.”

“लख्ख?” गंभीरनं ते शिवी ऐकल्यासारखं ऐकलं. पण मानलं.

हॉस्पिटलच्या दृश्याच्या दिवशी लाइटमननं सगळी काळी कापडं उतरवली. काही दिव्यांत कोळ्यांच्या सात पिढ्या नांदत होत्या, त्यांना त्यानं हळूच बाहेर नेऊन झाडावर सोडलं. मग दिवे लावले. आम्ही सगळे डोळ्यांवर हात घेऊन उभे. हात काढले तेव्हा एकमेकांकडे बघत राहिलो. कॅमेरामनचे केस पांढरे झाले होते. रंगभूषा करणाऱ्या बाईंना बाळ्याच्या गालांवरचे खड्डे दिसले आणि त्या तोंड फिरवून पफ झटकू लागल्या. गंभीरला बघून दोघांनी मला विचारलं, हा कोण. मी सांगितलं, डोळे सरावतील हळूहळू.

आत्याबाई पलंगावर, पायाला प्लॅस्टर. मी दाराशी, कारण मला नंतर आत येऊन चादर ओढायची होती. वाहिनीच्या बाई कॅमेऱ्यामागे.

“चालू,” गंभीर म्हणाला.

बाळ्या आत आला. खुर्चीवरची उशी उचलली. पलंगाशी गेला. आत्याबाई जाग्या होत्या, तसंच लिहिलं होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. विनवणी नाही, राग नाही. तो शाळेतून उशिरा आला असेल तर बघतील तसं. बाळ्या उभा राहिला. मग त्यानं डावा हात त्यांच्या मानेखाली घातला, त्यांना जरा उचललं आणि उशी पाठीमागे नीट सरकवली.

“कट. हे काय?”

“पाठीला रुतत होतं तिच्या,” बाळ्या म्हणाला. “पलंगाचा दांडा.”

“रुतू दे. तू मारायला आलायस.”

पुन्हा. बाळ्या आला, उशी घेतली, वाकला, आणि उशी पाठीमागे. तिसऱ्यांदा तर त्यानं ती आधी थोपटून फुगवली.

गंभीर त्याच्याजवळ गेला. खालच्या आवाजात बोलला, पण उजेडात सगळं ऐकू येतं. “तुला नाव नकोय का?”

“हवंय.”

“मग दाब.”

“नाही होत.”

“लिहिलंय.”

“माहीत आहे. अंधारात वाचलं होतं, तेव्हा झाल्यासारखं वाटलं.” बाळ्यानं हातातली उशी पोटाशी धरली. “मी नाही मारणार तिला. भूमिका काढून घ्या पाहिजे तर. दुसरा बाळ्या आणा.”

“दिवे घालवा,” गंभीर म्हणाला.

शिडीवर बसलेल्या लाइटमननं खाली बघितलं. “काय म्हणालात?”

“अंधार करा. अंधारात तो करेल.”

“म्हणूनच नाही करत,” लाइटमन म्हणाला आणि शिडीवर मांडी ठोकून बसला.

गंभीरनं बटणाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाकडे बघितलं. तो बटणाला पाठ लावून उभा राहिला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं कानावरचा हेडफोन काढून गळ्यात घातला. कोणी घोषणा दिली नाही, कोणी मुठी आवळल्या नाहीत. नुसतं जागेवरून कोणी हललं नाही.

तेव्हा गंभीरनं बाळ्याच्या हातातून उशी घेतली. “इतकं अवघड काय आहे त्यात? मी दाखवतो.” आणि तो पलंगाशी गेला आणि वाकला.

आत्याबाईंनी हाताची घडी घातली. “दाखवा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मारलंत तर माझी हरकत नाही. तुम्हाला कुठे मी वाढवलंय? पण मग खुनी तुम्ही. पडद्यावर तुमचं तोंड येऊ द्या. घरी आई असेल, तिलाही बघू द्या.”

गंभीर वाकलेलाच राहिला.

“कॅमेरा चालू आहे का?” वाहिनीच्या बाईंनी हळूच विचारलं.

“बंद कोणी करायला सांगितलाच नाही,” कॅमेरामन म्हणाला.

गंभीरनं उशी अशी सोडली की जणू तिला दात होते. ती जमिनीवर पडली. तो पलंगाच्या कडेलाच बसला, प्लॅस्टरच्या पायाशी, आणि दिव्यांकडे बघत डोळे मिचकावत राहिला. बाळ्यानं उशी उचलली, झटकली, आणि जिथं ठेवायची तिथं ठेवली.

“मग आता काय?” वाहिनीच्या बाई म्हणाल्या. “खून नाही, तर पहिल्या भागात दाखवायचं काय?”

“खून हवा तर दुसऱ्या कोणाचा करा, गावात माणसं काय कमी आहेत?” आत्याबाईंनी प्लॅस्टरचा पाय पलंगावरून खाली सोडला आणि बाळ्याच्या खांद्याचा आधार घेतला. “मी ह्याला घेऊन घरी चालले.”

“घर मोडलंय, आत्याबाई,” गंभीर म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा वाटला. “तिथं आता तुरुंग व्हायचाय.”

“मग बांधा,” आत्याबाई म्हणाल्या.

गंभीर काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, तेवढ्यात मागून टेपपट्टी सरकल्याचा आवाज आला. सुतार घरासाठी हॉस्पिटलची भिंत मोजायला लागला होता.